वरच्या वाडीचा अजेंडा

“मावशी, या सह्या तुमच्यासमोर झाल्या का?”

तालुक्याहून आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांनी नोटीसबुक माझ्याकडे फिरवलं आणि एका नावावर बोट ठेवलं. नाव चंद्राबाईचं होतं. पानं उलटत त्यांनी सहा महिन्यांच्या सहा सह्या दाखवल्या. चंद्राबाई समोरच्या बाकावर एकटीच बसली होती. उपसरपंच खिडकीशी उभे होते. ग्रामसेवक टेबलावरचे कागद उगाच सारखे करत होते.

मी या ग्रामपंचायतीत सव्वीस वर्षं शिपाई होते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण यातली सगळी माणसं हयात आहेत. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याला आहे, एवढं पुरे. नवरा शिपाई होता. तो गेल्यावर मला घेतलं. ऑफिस उघडायचं, झाडायचं, पाणी भरायचं, सभेला चहा द्यायचा आणि अजेंडा वाटायचा, हे माझं काम.

आमच्याकडे सभेच्या नोटिशीलाच अजेंडा म्हणतात. महिन्यातून एकदा सदस्यांची सभा होते. सभा कोणत्या दिवशी, किती वाजता आणि तिच्यापुढं विषय कोणते, हे एका कागदावर लिहितात. सभेच्या आधी पूर्ण तीन दिवस तो कागद प्रत्येक सदस्याच्या हातात पडला पाहिजे. शिपायानं घरी जायचं, कागद द्यायचा आणि नोटीसबुकात नावापुढं सही घ्यायची. घराला कुलूप असेल तर दोन साक्षीदारांसमोर दाराला डकवायचा. चौथी शिकलेल्या बाईला जमेल इतकं ते सोपं आहे.

आता मी ते कसं करत होते ते सांगते. जो दुकानात असेल त्याला दुकानात, जो डेअरीवर असेल त्याला डेअरीवर. बाई सदस्य असेल तर तिचा नवरा कागद घ्यायचा आणि तिच्या नावाची सही ठोकायचा. मी कधी हरकत घेतली नाही. खाली गावात त्यानं काही अडलंही नाही. नवरा घरी जाऊन सांगायचा, नाहीतर स्वतःच सभेला येऊन बसायचा.

वरच्या वाडीचं तसं नव्हतं. वाडी तासाभराच्या चढावर. थोडी घरं, भाताची खाचरं, हिरड्याची झाडं. मोबाइलला रेंज नाही. चंद्राबाई त्या वाडीची सदस्य. निवडून आल्यावर ती मुद्दाम सही करायला आणि वाचायला शिकली. पहिल्या वर्षी मी दर महिन्याला चढून जायचे. ती एकेक अक्षर दाबून काढायची आणि मी उंबऱ्यावर बसून वाट बघायचे. सभेला ती सगळ्यांच्या आधी हजर. मी झाडत असायचे तेव्हा ही पायरीवर बसलेली.

दुसऱ्या वर्षी पाऊस लागला आणि माझा गुडघा सुजला. वाटेत ओढ्याला पाणी. चंद्राबाईचा दीर काळू रोज सकाळी दूध घालायला खाली डेअरीवर यायचा. मी त्याला म्हटलं, “काळू, वहिनीचा अजेंडा घेऊन जा. सही तूच कर.” त्यानं केली. तो पहिला कागद पोचला. चंद्राबाई सभेला आली. मला वाटलं, बरं झालं, चढ वाचला.

पुढच्याच महिन्यात काळू आणि चंद्राबाईचा नवरा या दोघा भावांची वाटणी झाली. गोठा कोणाच्या वाट्याला यावरून भांडण झालं, चुली वेगळ्या झाल्या आणि एकमेकांच्या दारात जाणं बंद झालं. डेअरीवर सगळ्यांना हे माहीत होतं. मलाही माहीत होतं. तरी मी कागद काळूच्याच हातात देत राहिले. तो सही करायचा आणि कागद किटलीच्या पिशवीत कोंबायचा. पुढं त्या कागदाचं काय होतं ते मी एकदाही विचारलं नाही. उलट नोटीसबुकात शेवटी ‘सर्व सदस्यांना समक्ष बजावली’ असं लिहून खाली माझी सही करत होते.

चंद्राबाईची खुर्ची सहा सभा रिकामी राहिली. चहा देताना मी एक कप कमी भरायचे. म्हणजे मला दिसत नव्हतं असं नाही.

कायदा असा आहे की, सदस्य परवानगी न घेता सलग सहा महिने सभेला आला नाही तर त्याचं पद जातं. उपसरपंचांना हा कायदा पाठ होता. वाडीसाठी अंगणवाडीची एक खोली मंजूर झाली होती. ती वर वाडीत बांधायची की खाली शाळेजवळ, यावर पंचायतीत दोन बाजू झाल्या होत्या. खाली बांधली तर वाडीची लहान पोरं पावसात ओढा ओलांडून येणार नव्हती, हे सगळ्यांना कळत होतं. पण खाली जागा उपसरपंचांच्या भावकीची होती. चंद्राबाई नसली तर वाडीच्या बाजूनं एक मत कमी होणार होतं. सहावी सभा झाली आणि उपसरपंचांनी तालुक्याला अर्ज दिला.

तालुक्याचं पत्र चंद्राबाईला पोस्टानं गेलं. ते हातात घेऊन ती खाली आली. मी ऑफिसच्या ओट्यावर माठ घासत होते.

“मावशे, सभा बंद पडल्या व्हत्या का?”

“न्हाई.”

“मंग मला अजेंडा का न्हाई आला?”

“काळूकडं दिलता.”

“कंच्या काळूकडं? आमच्या? त्यो माझ्या सावलीला उभा ऱ्हात न्हाई, आन तू त्याच्याकडं दिला?”

मी माठ घासत राहिले.

“पावसात एकदा आले व्हते मी. हापिसाला कुलूप. मला वाटलं, पावसाचं सभा घेत नसतील. मंग लावणी लागली.” तिनं पत्र माझ्यापुढं धरलं. “ह्यो कागद घिऊन पोस्टमन वर आला. त्याला चढ चढवला, तुला न्हाई चढवला?”

“माझा गुडघा सुजलाय, चंद्रा.”

“मंग निरोप धाडायचा. मीच खाली येऊन घिऊन गेले असते. आता वाडीत माणसं म्हणत्यात, तुला निवडून दिली आन तू घरी झोपून ऱ्हायलीस.”

ती आत जाऊन ग्रामसेवकांशी बोलली. त्यांच्याकडे दोन गावांचा चार्ज, नेहमी घाईत. ते म्हणाले, “अजेंडा मी ग्रुपवर टाकत होतो की.”

मी दारातून म्हटलं, “भाऊसाहेब, वर रेंज नाही. आणि तिच्याकडं तसला फोन नाही.”

“ते आपण कशाला बघायचं? आपण टाकला ना?”

चौकशीच्या आदल्या दिवशी सकाळी उपसरपंच ऑफिसात आले. मी झाडत होते. ते खुर्ची ओढून बसले.

“मावशी, उद्या साहेब विचारतील. तुमी फकस्त ‘व्हय’ म्हना.”

“कशाला व्हय?”

“चंद्राबाईनं सही केली का, तर व्हय. बुकात तुमीच लिवलंय. नवीन काय बोलायचं न्हाई.”

“आन काळूनं सांगितलं तर?”

“काळू येनार न्हाई. त्याचं मी बघतो.” मग म्हणाले, “तुमचे आठ महिने ऱ्हायलेत. तुमच्या जागी सून लागावी असं तुमच्या मनात हाय, मला म्हाईत हाय. ठराव आमीच करनार. आता जाता जाता कशाला डाग लावून घेता?”

धमकी दिली असं मी म्हणणार नाही. ते चांगल्या आवाजातच बोलले. आणि ते बोलले ते खरंच होतं. खोटी सही घेतली असं मी सांगितलं तर पहिली अडकणार मी. सून बारावी पास होती आणि घरी बसून होती. मी घरी जाऊन भाकरी केल्या. सुनेला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं काय म्हटलं असतं ते मला ऐकायचं नव्हतं.

तर आता साहेबांनी विचारलं होतं, सह्या तुमच्यासमोर झाल्या का.

“माझ्यासमोर झाल्या,” मी म्हटलं.

उपसरपंच खिडकीपासून हलले. चंद्राबाईनं मान खाली घातली.

“पण तिनं न्हाई केल्या. तिच्या दिरानं केल्या. मीच त्याला म्हनले, कर.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “सहाही?”

“सहाबी. त्याच्या आदुगरची एक हाय, ती बी त्याचीच.”

“बाई घरी नव्हत्या का?”

“घरीच व्हती. मी वर गेलेच न्हाई.”

“मावशी, इथं तुमच्या हातानं लिहिलंय, समक्ष बजावली म्हणून. दर महिन्याला लिहिलंय.”

“लिवलंय. खोटं लिवलंय.”

“हे मी जबाबात घेणार. त्याचा परिणाम तुमच्यावर होईल, कळतंय ना?”

“घ्या.”

उपसरपंच पुढं आले. “साहेब, मावशींचं वय झालंय. त्यांना आता नीट आठवत न्हाई.”

मला राग आला तो तेवढाच. मी म्हटलं, “उपसरपंच, तुमी किती सभांना आलाच न्हाई आन दुसऱ्या दिवशी येऊन हजेरीवर सही केली, ते बी आठवतंय मला. सांगू का साहेबांना?”

साहेबांनी वर बघितलं. उपसरपंच परत खिडकीशी गेले. ग्रामसेवकांनी कागद सारखे करणं थांबवलं.

जबाब लिहून झाला. साहेबांनी वाचून दाखवला. मी तो स्वतः पुन्हा वाचला, मला वेळ लागतो म्हणून सगळे थांबले. मग सही केली. चंद्राबाई उठली आणि वाडीच्या वाटेला लागली. मी कप धुतले.

दीड-दोन महिन्यांनी वरच्या कचेरीचं पत्र आलं. सदस्याला नोटीस मिळालीच नव्हती, म्हणून ती गैरहजर धरता येत नाही, तिचं पद कायम. त्याच पत्रात दुसरी ओळ होती. नोटीस बजावण्यात हलगर्जी करणाऱ्या शिपायावर पंचायतीनं कारवाई करून कळवावं.

कारवाई करायची तर सभेत विषय घ्यावा लागतो. सभा लावायची तर अजेंडा वाटावा लागतो. आणि अजेंडा वाटणारी मीच.

या वेळी गुडघ्याला फडकं बांधून मी चढले. तासाची वाट मला दोन तास लागली. चंद्राबाई खाचरात राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपासाठी जमीन भाजून घ्यायला, पाला पसरत होती. तिनं हात लुगड्याला पुसले आणि कागद घेतला. बोट ठेवून एकेक विषय वाचत गेली. पहिला मागील सभेचं इतिवृत्त, दुसरा नळदुरुस्ती, तिसरा दिवाबत्ती, चौथा अंगणवाडीची जागा. पाचव्यावर बोट थांबलं.

“ह्यो तुझा हाय?”

“माझाच.”

“आन तूच आनलास?”

“दुसरं कोन आननार?”

तिनं नोटीसबुक गुडघ्यावर घेतलं आणि सही केली. पूर्वीसारखीच, दाबून, वेळ घेऊन. मग म्हणाली, “बस. पानी पी. उतरताना ओढ्यातल्या खडकावरून जाऊ नकू, शेवाळ हाय.”

सभेच्या दिवशी मी सगळ्यांना चहा दिला. विषय माझा असला तरी चहा दुसरं कोणी देणार नव्हतं. अंगणवाडीवर पुष्कळ वेळ वाद झाला. चंद्राबाई उभी राहून बोलली. त्या दिवशी निर्णय झाला नाही, तो विषय पुढच्या सभेवर गेला. पण आता वादात ती होती.

पाचवा विषय ग्रामसेवकांनी वाचला. शिपायाला लेखी मेमो द्यावा, आणि त्याच्या सर्व्हिस बुकात नोंद करावी. मेमो म्हणजे चूक झाल्याचा कागद, तो नोकरीभर आपल्यामागं राहतो. मी दारात ट्रे घेऊन उभी होते. ठरावाच्या बाजूनं ज्यांचं मत आहे त्यांनी हात वर करावेत असं सरपंच म्हणाले. उपसरपंचांचा हात सगळ्यात आधी वर गेला. मग बाकीच्यांचे गेले. चंद्राबाईनं माझ्याकडे बघितलं आणि तिनंही हात वर केला.

ठराव एकमतानं मंजूर झाला. आमच्या पंचायतीत एकमतानं होणारे ठराव थोडेच.

गावात बायका मला म्हणाल्या, “जिच्यापायी सुनेची नोकरी घालवलीस तिनंच हात वर केला व्हय गं?” सुनेला नोकरी मिळाली नाही, हे खरं आहे. ती काही दिवस माझ्याशी बोलली नाही, हेही खरं आहे. पण चंद्राबाईचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. तिचा कागद मी सहा महिने पोचवला नव्हता. चौकशीत मी खरं बोलले म्हणून ते सहा महिने भरून येत नाहीत. तिनं हात खाली ठेवला असता तर उपसरपंच म्हणाले असते, बघा, दोघी मिळालेल्या होत्या.

उरलेले महिने मी दर वेळी वर गेले. दोनदा नाही जमलं, तेव्हा निरोप धाडला आणि ती खाली येऊन कागद घेऊन गेली.

निवृत्तीच्या दिवशी माझ्या जागी आलेल्या माणसाला मी चार्ज दिला. किल्ल्या, शिक्के, झाडू, कप आणि नोटीसबुक. बुक देताना त्याला सांगितलं, ज्याचा कागद त्याच्याच हातात दे. नाही जमलं तर ‘नाही बजावली’ असं लिही. लिहिलंस तर मेमो तुला मिळेल. खोटं लिहिलंस तर खुर्ची दुसऱ्याची जाईल.