एकही घर सोडायचं नाही

माझी मुलगी इथे अमेरिकेत, बॉथेलच्या सिटी कौन्सिलवर निवडून आली, तेव्हा पुण्याहून नणंदेचा फोन आला. हे राजकारण पोरगी शिकली कुठे, असं विचारत होती. मी म्हटलं, माझ्या हळदीकुंकवात. तिला वाटलं, वहिनी नेहमीसारखी फुशारकी मारतेय. मारतच होते, पण खोटी नव्हे.

मुलगी तिसरीत होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला मी तिला गल्लीत पाठवलं, कारण मला तिळाच्या वड्या थापायच्या होत्या. एकही घर सोडू नकोस, एवढंच बजावलं. हा समारंभ बायकांचा असतो, हे सांगायचं राहूनच गेलं, आणि इथे जन्मलेल्या पोरीला ते कळणार कसं? संध्याकाळी पैठण्यांनी हॉल भरला होता आणि दारात समोरच्या घरातले अमेरिकन आजोबा उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात ॲपल पाय. स्कूल बस चालवून रिटायर झालेले, एकटेच राहायचे. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पण दारी आलेल्या माणसाला परत पाठवायची आमच्याकडे रीत नाही. मी त्यांना टिळा लावला, तिळगूळ दिला आणि वाण म्हणून स्टीलची वाटीसुद्धा दिली. निघेपर्यंत त्यांनी ती हातातून खाली ठेवली नाही.

मुलीला तेव्हाही रोज डायरी लिहायची सवय होती, आणि लिहिलेलं ती आम्हाला जेवताना वाचून दाखवायची. आजोबांनी तिला सांगितलेलं तिने त्या दिवशी लिहिलं होतं, ते मला अजून आठवतं. बायको गेल्यापासून आजोबांची बेल कुणी वाजवलीच नव्हती.

पुढे ती सिटीच्या ऑफिसात नोकरीला लागली आणि एक दिवस ती नोकरी सोडून निवडणुकीला उभी राहिली. समोरचा उमेदवार मुरलेला. हरली तर हातात काहीच उरणार नव्हतं, म्हणून माझा जीव टांगणीला लागलेला. प्रचारातली मंडळी तिला सांगत होती, जे कधी मत देत नाहीत त्यांची घरं वगळ. ती ऐकेना.

"आई, घर स्किप करायचं नाही, तूच म्हणाली होतीस ना?"

पावसात भिजत ती दारोदार फिरली. कुणाच्या घरासमोर फुटपाथ नाही, कुणाचा बस स्टॉप लांब, सगळं घरी येऊन डायरीत उतरवायची. अगदी थोडक्यात जिंकली, तीही ज्यांना वगळायला सांगितलं होतं त्यांच्याच मतांवर. माझी छाती फुगली, ते मी कशाला लपवू?

शपथविधी झाला त्याच आठवड्यात संक्रांत होती. मी म्हटलं, आता तू कौन्सिल मेंबर, आमंत्रणं व्हॉट्सॲपवर टाक. ती साडीवर रेनकोट चढवून निघाली. मी खिडकीतून बघत होते. पहिली बेल समोरच्या घराची वाजली. आता पार थकलेल्या आजोबांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट त्यांनी आधीच घातला होता.