अनामिक, सुलतान बाजार

सुजाता गेल्याचा फोन तिच्या भावाने केला. मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. "ताई, सुजाता गेली. डेंगी झाला होता. चार दिवसांत सगळं आटपलं," एवढंच तो म्हणाला. मी काहीतरी बोलले, फोन ठेवला, आणि त्यानंतर पहिलं काम काय केलं ते लिहायला हात धजत नाही... लॅपटॉप उघडून तिने रंगवलेल्या भिंतींचे किती फोटो आपल्याकडे आहेत ते पाहिलं. रडू नंतर आलं. याला महिना होऊन गेला, पण आधी काय आणि नंतर काय, ते मला विसरता येत नाही.

लग्नानंतर पुण्याहून हैदराबादला आले आणि एका खासगी महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवू लागले. सातआठ वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी कापड घ्यायला सुलतान बाजारात गेले, तर दुकानं अजून उघडायची होती. मागच्या गल्लीत एका बंद गोदामाच्या लांबलचक भिंतीशेजारून एक मुलगी स्केटबोर्डवर उभी राहून सरकत येत होती. हातात स्प्रेचा डबा, आणि भिंतीवर खांद्याच्या उंचीने एक निळी रेघ, न तुटता तिच्याबरोबर येत होती. रस्त्यात जिथे खड्डा होता तिथे रेघही दचकली होती. माझ्या तोंडून "अगंबाई" निघालं. ती थांबली, म्हणाली, "मराठी का तुम्ही? मग कंप्लेंट नका करू, ताई."

ती सुजाता. तिचे वडील नांदेडकडून इथे नोकरीसाठी आलेले, ती इथलीच. कोठी भागातल्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची, राहायला दिलसुखनगरला. मराठी फडाफडा बोलायची, मध्येच उर्दू, मध्येच तेलुगू, पण मराठी वाचताना मात्र अडखळायची. स्केटबोर्ड, भिंतींवरची ग्राफिटी, पंक संगीत ही सगळी पोरं गॅलरीत कशी शिरली हे मी वर्गात दोन तासांत संपवत असे, पुस्तकातून. सुजाताने ते मला रस्त्यावर दाखवलं. बोर्डवर उभं राहिलं की शहर वेगळंच दिसतं, म्हणायची. पायरी, कठडा, उतार, सगळं काहीतरी करायला बोलावतं. भिंत निवडताना ती भिंत नव्हे, खालची जमीन बघायची. एकदा एक पंक गाणं लावून तिने आपला इअरफोन माझ्या कानात घातला. मी म्हटलं, "याला गाता येत नाही गं."

"हौ ना. येत नाही म्हणून थांबला नाही तो. तेच तर आहे," ती म्हणाली.

कोठीतल्या झेरॉक्सच्या दुकानात ती स्वतःची चित्रं आणि चार ओळी छापून, तिरक्या पिना मारून छोटी पुस्तकं करायची आणि कोणालाही देऊन टाकायची. आज गॅलरीच्या पांढऱ्या भिंतीवर आपण ओघळलेला रंग, फाटका कागद, घासलेलं लाकूड मान वाकडी करून बघतो. ते सगळं अशा माणसांकडून आलंय ज्यांना ना हॉल मिळाला, ना गुरू, ना परवानगी. हे वाक्य मी नंतर खूप ठिकाणी बोलले. लोकांना ते आवडायचं. ते मला सुजातामुळे सुचलं, हे मात्र कुठेही बोलले नाही.

मी यावर मराठीत मोठा लेख लिहिला. त्यात निळ्या रेघेचा फोटो होता आणि खाली ओळ, ‘अनामिक, सुलतान बाजार’. तिच्यामागे पोलिसांची भानगड नको, असं मी स्वतःला सांगितलं. तिला मात्र विचारलं नाही. लेख गाजला आणि त्यावर व्याख्यान ठरलं. हॉल भरलेला होता. शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, "हा चित्रकार कोण? त्याला भेटता येईल का?" त्याच क्षणी मला शेवटच्या रांगेत सुजाता दिसली. शेजारी तिची आई, इस्त्रीची साडी नेसून आलेली. मी पाहिलं, तिनेही पाहिलं. आणि मी म्हणाले, "अशी माणसं सापडत नाहीत. न सापडणं हाच त्यांच्या कलेचा भाग आहे." टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी ती जवळ आली. रागावलेली दिसत नव्हती.

"ताई, लेख वाचला मी. चार दिवस लागले. नाव पुढे येईल, पुढे येईल म्हणून सगळा वाचला."

"अगं, तुझ्यावर केस झाली असती..."

"विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, लिहा म्हणून."

पोलिसांचं कारण खोटं होतं, हे आज तरी लिहून टाकते. माझ्या शोधाला घर, पत्ता, लॅबची नोकरी असलेली मुलगी नको होती. ती समोर आली असती तर मग लोकांनी मला कशाला ऐकलं असतं? पुढे ती दिलसुखनगरला रविवारी मुलींना बोर्ड शिकवू लागली. दोनदा मला बोलावणं आलं, दोन्ही वेळा मी काम सांगितलं. त्यालाही दीड वर्ष झालं.

परवा तिच्या घरी गेले. तिच्या आईंनी "जयभीम" म्हणून दार उघडलं, बसवलं. "तुमचं लई सांगायची ती," म्हणाल्या. मी हॉलमधली गोष्ट काढली, माफी मागितली. "मला ते भाषण कळलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण परत येताना बसमध्ये ती काहीच बोलली नाही. तेवढं कळलं." मी सांगितलं, आता सगळीकडे ‘अनामिक’ काढून तिचं नाव घालून घेतेय. "पूर्ण लिहा मग," त्या म्हणाल्या, "सुजाता भीमराव वाघमारे." इतक्या वर्षांत तिच्या वडिलांचं नाव मी विचारलं नव्हतं. वहीत लिहून घेतलं.

त्या चहा टाकायला उठल्या, मीही मागोमाग गेले. स्वयंपाकघरात गॅसचं सिलिंडर सुजाताच्या जुन्या स्केटबोर्डवर दोरीने बांधून ठेवलं होतं. आईची कंबर दुखते म्हणून तिनेच केलेली सोय. सांडलेल्या चहापुडीचा केर काढायला आईंनी ते पायाने जरासं ढकललं, आणि ते भरलेलं सिलिंडर आवाज न करता बाजूला सरकलं. "आजारी पडायच्या आधीच्या रविवारी चाकांना तेल घातलं होतं तिनं," त्या म्हणाल्या, आणि केर काढून झाल्यावर त्यांनी ते परत जागेवर आणलं.