खाली काढलेला बाण

सकाळी सईचा फोन येऊन गेल्यापासून काही सुचत नव्हतं, म्हणून इथे आखातात, करामा वस्तीतल्या या फ्लॅटमधलं कपाट सरकवून मागचं झाडायला घेतलं. तिथे माझ्या लेकीचा शाळेतला चार्टपेपर सापडला. निळा रंग विटलाय, डिंकाचा वास मात्र अजून येतो.

तेव्हा ती नऊ वर्षांची होती. शुक्रवारची सुट्टी, खिडकीतला एसी घरघरतोय, आणि सई फरशीवर पालथी पडून कॅनडातल्या आत्याच्या गावच्या छोट्या नदीचा नकाशा रंगवतेय. टेकड्यांतलं तळं, गव्हाची शेतं, मग आत्याचं गाव. प्रवाहाचा बाण तिने पेन्सिलीने वरच्या दिशेला काढला.

"अगं, नदी कधी वर चढते का? खाली काढ."

"बट बाबा, इट फ्लोज नॉर्थ."

"वाद नको. खोड ते."

तिने ओठ मिटून खोडलं आणि स्केचपेनने खाली बाण काढला. मला तो नुसता हट्ट वाटला होता.

पुढे सई आत्याकडेच शिकायला गेली, तिथेच राहिली. सकाळी म्हणाली, "बाबा, दक्षिणेला बर्फ वितळलाय, पण पुढे उत्तरेला नदी अजून गोठलेलीच आहे. पाण्याला वाट नाही, ते गावात शिरतंय. आम्ही वरच्या मजल्यावर आहोत."

"उतरेल गं, इन्शाल्ला," मी म्हणालो.

तिच्या बाणाची पुसट खूण अजून दिसते. माझा मात्र ठळक आहे. मघापासून रबर घासतोय, तो काही निघत नाही.