रिकाम्या स्कॅनरवरचा अंगठा

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचायचो... भूत-बित काही नसतं, असलाच तर कोडमधला बग असतो, असं मित्रांना ऐकवणारा मी माणूस. त्यामुळे हे लिहायला बराच धीर गोळा करावा लागला.

आमचं गाव जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा. बीटी कपाशीवरही बोंडअळी आली आणि जो तो पाठीवर पंप घेऊन फवारत सुटला, ते वर्ष. माझा शाळेपासूनचा मित्र शकील घराच्या ओसरीतच ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर चालवायचा. त्याच्याकडे अंगठे घ्यायचा एक जुना स्कॅनर होता. नव्या कॉम्प्युटरवर तो चालेना, बनवणारी कंपनी बंद पडलेली, ड्रायव्हर कुठेच मिळेना. मी म्हटलं, आपणच लिहू.

पद्धत साधी. जुन्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावायचा आणि यूएसबीच्या वायरवरून दोघांचं काय बोलणं चालतं ते एका प्रोग्रामने टिपायचं. कॉम्प्युटर छोटासा हुकूम पाठवतो, स्कॅनर उत्तरात आकड्यांचा ढीग. त्या ढिगातच चित्र असणार. शकीलने अंगठा ठेवला, मी आकडे ओळींत मांडले, रुंदी कमी-जास्त करून पाहिली... आणि स्क्रीनवर त्याच्या अंगठ्याच्या रेषा उमटल्या!

मग तुलनेसाठी रिकाम्या काचेचा नमुना हवा होता. शकीलने हात काढला. मी हुकूम पाठवला.

अंगठा आला.

शकीलचा नाही. रुंद, झिजलेल्या रेषांचा, मधोमध हुकासारखी वाकडी चीर.

"काचेवर घाम राह्यला असन बे," शकील म्हणाला. काच स्पिरिटने पुसली, वर काळा पुठ्ठा ठेवला. पुन्हा तोच अंगठा — जरा फिरलेला, जास्त दाबलेला. काचेच्या आतून कोणी रेटत असल्यासारखा. मी कीबोर्डवरून हात उचलले. तरी उत्तरं येतच राहिली... यूएसबीत विचारल्याशिवाय डिव्हाइस बोलत नाही, हा नियमच आहे. इथे कोणी विचारतच नव्हतं.

तेवढ्यात शकीलची आई — मी त्यांना खाला म्हणतो — चहा घेऊन आल्या आणि स्क्रीनकडे बघून थबकल्या.

"हा तं याच्या अब्बाचा अंगठा हाय."

"काहीही काय, अम्मी!"

"अरे, सकायीच गवत कापताना अंगठ्याले विया लागला त्याईले. म्याच तं फडकं बांधलं. अशीच चीर हाय."

"अब्बा कुठी हायेत?"

"वावरात. फवारून राह्यले."

शकीलने फोन लावला. रिंग वाजत राहिली. आम्ही मोटरसायकल काढली.

कपाशी खांद्याएवढी, आत माणूस दिसेना. शकील "अब्बा, अब्बा" ओरडत ओळीओळीतून पळत होता. शेवटी बॅटरीच्या पंपाची घूंघूं ऐकू आली. अब्बा सरीत पालथे, पंप पाठीवर तसाच चालू, तोंडाला फेस.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, औषध नाकातोंडात गेलंय, आणखी उशीर झाला असता तर हाती लागले नसते. अब्बा वाचले. शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं, "तुमाले कोनं सांगितलं रे?"

माहितगारांना दाखवलं. कोणी म्हणालं बफरमध्ये अडकलेलं जुनं चित्र, कोणी म्हणालं जुनी मेमरी. पण ती चीर त्याच सकाळची होती, आणि त्या दिवशी अब्बांनी स्कॅनरला हातसुद्धा लावला नव्हता.

आणि खरी भीती वेगळीच आहे. आम्ही धावत निघालो तेव्हा प्रोग्राम चालूच राहिला होता. दवाखान्यातून परत येऊन नोंदींच्या वेळा पाहिल्या, तर आम्ही वावरात पोचलो तोवर अब्बांचा अंगठा येत होता. मग थांबला. पुढे दुसराच सुरू झाला. मग तिसरा. एक तर बारीक, बाईचा असावा असा. प्रत्येक आधी दाबलेला, मग फिका, अजून फिका, कोणी पोचलंच नसल्यासारखा... मग पुढचा.

शकीलने वायर उपटली. ते कोणाचे अंगठे, कुठल्या वावरातले — आम्हाला एकही ओळखता आला नाही.