चार बोटं रिकामी

माझ्या लोणच्याला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचंय त्यात माझी पार शोभा होते. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आमच्या टाउनहाउसच्या मागे एक लिंबाचं झाड आहे. त्याची लिंबं मी दर जानेवारीत बरणीत घालते, आणि बरणी कधीही काठोकाठ भरत नाही. वर चार बोटं जागा सोडायची. मीठ विरघळलं की रस सुटतो, फसफसतो, वर येतो. जागा नसली तर सगळं फडताळात उतू जातं. हे मला कुणी शिकवलं नाही, लग्नानंतर एकदा अख्खं फडताळ पुसावं लागलं तेव्हा मीच शिकले.

लेक इथेच जन्मली, इथेच वाढली आणि लग्न केलं ते एका वायनरीवाल्याशी. आमच्या घरापासून तीन तासांवर, सिएरा डोंगरांच्या पायथ्याशी, जावयाच्या पणजोबांनी इटलीहून आणलेल्या काड्यांपासून द्राक्षाचे वेल लावले होते. त्याच वाणाची लाल वाइन हे लोक अजून करतात. ती इतकी कडक असते म्हणे, की पहिली दहा वर्षं पिण्याजोगीच होत नाही. तीन वर्षं लाकडी पिंपात, मग बाटलीत, आणि मग नुसती वाट बघायची. मी दारूला शिवत नाही. त्यांच्या टेबलावर नऊ वर्षं मी माझ्या ग्लासावर तळहात ठेवत आले, आणि जावयाचे वडील, म्हणजे आमचे व्याही, दर वेळी न विसरता बाटली पुढे करत आणि न रागावता मागे घेत. लेकीचं ऐकून तेही मला 'आई'च म्हणतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस मला आई म्हणतो, यावर माझा नवरा अजून हसतो.

त्यांच्या घराण्यात मूल झालं की त्या वर्षीच्या वाइनचं एक पिंप त्या मुलाचं. मूल एकवीस वर्षांचं झालं की त्यातली पहिली बाटली उघडायची. माझी नात झाली ती ऑक्टोबरात, ऐन द्राक्षतोडणीत. महिन्याभरानं तिचं पिंप भरलं आणि व्याह्यांनी त्यावर खडूनं एक छोटंसं पाऊल काढलं. इतकी चांगली वाइन आपल्या हातून आजवर झाली नाही, असं ते म्हणाले. कौतुकाच्या बाबतीत हा माणूस भलता चिकट, त्यामुळे ते माझ्या चांगलंच लक्षात राहिलं.

लाकडातून वाइन थोडी थोडी उडत राहते. म्हणून दर तीन आठवड्यांनी पिंपाचं बूच काढून भर घालावी लागते. बाकीची पिंपं जावई भरायचा, पावलाचं मात्र व्याही स्वतः. डिसेंबरात त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि तडकाफडकी बायपास ठरली. लेक-जावई हॉस्पिटलात, नात आणि घर माझ्याकडे. दुसऱ्याच दिवशी लेकीचा फोन आला की पपांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या, जिवाला चैन नाही, बेबीचं पिंप भरायचं राहिलंय, तू करशील का.

"टू द ब्रिम, आई," ती म्हणाली. "बोट ठेवलं की वाइन लागली पाहिजे."

तळघरात उतरले. आडव्या पिंपाच्या पोटावरचं बूच काढलं, नरसाळं लावलं, टॉर्च धरून हळूहळू ओतत गेले. वर चार बोटं उरली आणि माझा हात थांबला. विसरले नव्हते मी. काय सांगितलंय ते पक्कं ध्यानात होतं. पण मला वाटलं, ही इतकी कोवळी वाइन, हिच्या आत अजून काही ना काही चालू असणार, फसफसली तर बूच उडवून बाहेर येईल. पुरुषमाणसांना कुठलं कळतंय! पस्तीस वर्षं बरण्या भरतेय मी. उरलेली वाइन तशीच ठेवली, बूच गच्च बसवलं आणि झालं म्हणून कळवून टाकलं. स्वतःवर खूश होते, खोटं कशाला बोलू.

व्याही घरी आले, पण तळघराचा जिना त्यांना बंद. जावयाची नुसती धावपळ. ते पिंप आईनं आत्ताच भरलंय, या भरवशावर तोही निवांत राहिला. नवरा मला न्यायला आला आणि वाटेत माझ्याच मागे लागला. डॉक्टरनं मलाही हृदयाची एक टेस्ट करायला सांगितली होती, ती मी तीनदा कॅन्सल केली होती. टेस्ट केली की काहीतरी निघतंच, असं माझं म्हणणं. खरं तर मला भीती वाटते.

जानेवारीच्या शेवटी मी लिंबं चिरत होते आणि लेक व्हिडिओ कॉलवर होती. मांडीवर नात. बरणी बघून ती हसली, म्हणाली, आई, यू ऑल्वेज लीव्ह इट हाफ एम्प्टी. मी म्हटलं, हाफ कुठे, चार बोटं, बेबीच्या पिंपात सोडली तेवढीच.

ती हसायची थांबली. मला पुन्हा विचारलं, नेमकं काय केलंस. मग तिनं समजावलं, माझ्याशी ती क्वचितच बोलते तितक्या सावकाश. वर मोकळी जागा राहिली की हवा लागते, आणि हवा लागली की वाइनचं व्हिनेगर होतं. लोणच्यावर तेलाचा थर कशासाठी देतात, हे मला सांगावं लागतं का? हवा लागू नये म्हणून. पिंपावर कसला थर होता? तिथे माझ्या अकलेनं सोडलेली चार बोटं हवा होती, आणि ती सहा आठवडे तशीच होती. हाताला मीठ, तिखट, तशीच मी खुर्चीत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. फ्रीवेवर नवरा माझी समजूत काढत होता, आणि मी त्याच्यावर उखडत होते, कारण समजूत काढण्यासारखं त्यात काही नव्हतं. पैशानं दुसरी वाइन येईल. नातीच्या वर्षाची द्राक्षं कुठून आणायची? आणि घरात सगळे म्हणतील, हिच्या आईनं केलं. लेकीनं त्या घरात नऊ वर्षं घालवून मिळवलेला मान मी एका नरसाळ्यानं घालवला होता.

जावयानं बूच काढलं. वाइनवर पांढुरकी साय धरली होती. त्यानं ती अलगद काढली, थोडी वाइन घेऊन त्याच्या काचेच्या नळ्यांत तपासली आणि पुन्हा तपासली. मी जिन्याच्या पायरीवर बसून त्याच्या पाठीकडे बघत होते. थोडं आंबलंय, तो म्हणाला. बिघडलं म्हणण्याइतकं नाही. मग पिंप अगदी ओठापर्यंत भरलं. आता थांबेल ना, असं मी विचारलं, तर तो म्हणाला की कदाचित थांबेल, कदाचित हळूहळू वाढत जाईल, ते आज कुणीच सांगू शकणार नाही.

लेकीचं म्हणणं पडलं की पपांना एवढ्यात सांगायचं नाही, डॉक्टरनं मनाला त्रास देऊ नका म्हटलंय. मी कबूल केलं. जेवायला बसलो, व्याह्यांनी नेहमीसारखी बाटली पुढे केली, मी ग्लासावर तळहात ठेवला, आणि बाटली मागे गेली तरी तो काढलाच नाही. त्यांनी बघितलं. मग माझ्यानं राहवेना. लेक टेबलाखालून पाय मारत होती तरी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. विसरले म्हणून नाही, मला जास्त कळतं असं वाटलं म्हणून केलं, हेही सांगितलं.

त्यांनी हातातला काटा खाली ठेवला. जावयाला म्हणाले, दोन ग्लास आण, त्या पिंपातली घालून. आधी स्वतः घोट घेतला, तोंडात बराच वेळ धरला. मग दुसरा ग्लास माझ्यापुढे सरकवला. मी माझ्या साठाव्या वर्षी पहिल्यांदा वाइन तोंडात घेतली. हिरडा चघळल्यासारखी सगळी जीभ आवळली. त्यामागून जांभळासारखं काहीतरी आलं, आणि अगदी शेवटी, टाळ्याला, एक टोचणारा आंबूसपणा. मला तो ओळखायला कुणाची गरज नव्हती.

"आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "थोडा आहे."

"हो. किती आहे ते नीट लक्षात ठेव. तुझी जीभ पक्की आहे, आई. दर महिन्याला यायचं, चव घ्यायची, आणि वाढलं की नाही ते सांगायचं. बाटल्या भरल्यावर वर्षातून एक उघडायची. पोर एकवीस वर्षांची होईल तेव्हा तिला पहिला ग्लास तू द्यायचास आणि काय झालं होतं तेही तूच सांगायचंस. मी नसेन."

लेक रडायला लागली. मी मानेनंच हो म्हटलं. ते रागावले असते, ओरडले असते, तर मला सोपं गेलं असतं.

निघताना नातीला घेतलं. तिनं माझं बोट मुठीत धरलं ते सोडेचना. गाडी डोंगर उतरत होती. माझी जीभ अजून तुरट होती आणि मी मनातल्या मनात तो आंबूसपणा पुन्हा पुन्हा चाखत होते, विसरेन या धास्तीनं. मग हिशोब केला. पोर एकवीस वर्षांची होईल तेव्हा मी ऐंशी ओलांडलेली असेन.

"त्या टेस्टची अपॉइंटमेंट घे," मी नवऱ्याला म्हटलं.

"कुठल्या?"

"हार्टच्या. आणि ह्या वेळी मी कॅन्सल करायला लागले, तर माझं ऐकू नकोस."