कोडोलीच्या दुधाची गाडी आणि आमचा शशिधर

माझा नातू शशिधर गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. कोल्हापुरात राजारामपुरीच्या मागच्या गल्लीत वर आमचं घर आणि खाली त्याचं दुकान. कुणी विचारलं, "आज्जी, नातू काय करतो?" तर मी सांगते, "गाडीला काय दुखतंय ते शोधतो, आणि ते सापडेस्तवर आमचं सगळ्यांचं डोकं दुखवतो."

तो कामाला सावकाश आणि स्वभावानं चिडका. एकाच माणसात ही दोन्ही आली की घरच्यांचे हाल असतात. गाडी आली की आधी इंजन थंड होऊ देणार. मग अंगठी आणि घड्याळ काढून डब्यात टाकणार. गळ्यातलं लिंग आम्हा लिंगायतांत काढत नाहीत, म्हणून ते चांदीच्या करडगीसकट, म्हणजे डबीसकट, फडक्यात गुंडाळून सदऱ्याच्या आत पाठीकडं सरकवणार. बॅटरीवर वाकताना चांदी दोन्ही टोकांना टेकली तर जाळ गळ्यातच निघायचा, असं त्याचं म्हणणं. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडणार आणि मगच आत हात घालणार. तोवर मी खाली आणलेला चहा गार होऊन गेलेला असतो. माझी खुर्ची त्यानं पार दाराशी टाकलीय, कारण चालत्या इंजनाच्या पंख्यात लुगडं जातं. "आज्जी, पदर!" असं तो दिवसभर इतकं ओरडतो की शेजारच्या दवाखान्यात आलेल्या बायकासुद्धा पदर सावरून घेतात.

तर कोडोलीचा कृष्णात. गावच्या संस्थेचं दूध कॅनांतनं भरून तो रोज सकाळ-संध्याकाळ कोल्हापूरच्या डेअरीत पोचवायचा. गाडी तशी नवीच होती, पण तिला एक खोड लागली. चालता चालता गप्प बसायची. कधी वडगावच्या फाट्यावर, कधी शिरोलीच्या पुढं पंचगंगेच्या पुलावर. घटकाभरानं आपसूक चालू व्हायची आणि आमच्या दारात येईपर्यंत पहिल्या दिवशीच्या सुनेसारखी शहाणी झालेली असायची.

शशिधर मशीन लावायचा. मशीन सांगायचं, इंजन किती फिरतंय ते कळवणाऱ्या सेन्सरकडनं मधेच खबर येत नाही. शशिधर म्हणायचा, "गाडी दिवसभर ठेव. सेन्सर गेलाय का वायर, ते बघाय लागंल."

"दिवसभर?" कृष्णात ओरडायचा. "मागं दूध हाय माझ्या! तू सेन्सर बदल आणि मोकळा कर."

"आणि सेन्सर चांगला असला तर?"

"मग डायरेक्ट कर की राव!"

"अरं दिव्याचं बटण हाय का ते डायरेक्ट करायला? ह्याची खबर बंद झाली की इंजनाला कळतच न्हाय आपण फिरतोय का न्हाय. म्हणून तर बंद पडतंय."

एवढं बोलणं होईपर्यंत कृष्णात गाडी घेऊन गेलेला असायचा. दर खेपेला हेच. मधे त्यानं हमरस्त्यावरच्या कुणाकडनं तरी सेन्सर बदलूनही घेतला. गाडी थोडे दिवस नीट चालली आणि पुन्हा पुलावर बसली. वर त्या माणसानं टेस्ट दिव्याची सुई टोचून टोचून वायरींना भोकं पाडून ठेवलेली. ती बघून शशिधरच्या तोंडातनं जे निघालं ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. असला दिवा गाडीतल्या कॉम्प्युटरच्या वायरीला लावला तर कॉम्प्युटरच जळतो म्हणे.

पुढं उन्हाळा लागला आणि दूध नासायला लागलं. संस्थेचे चेअरमन धैर्यशीलराव कृष्णातला म्हणाले, "आता एक डाव जरी दूध नासलं, तर सकाळची फेरी दुसऱ्याला." सकाळचं दूध म्हणजे खरं दूध. त्यावरच कृष्णातनं गाडी घेतलेली, आणि त्याच्या घरातली चूलही त्यावरच.

आणि तो डाव झालाच. एका सकाळी गाडी दोरीनं ओढत आणली. कॅनांतलं दूध डेअरीनं परत केलेलं, त्याचा आंबूस वास गल्लीभर. कृष्णात उतरला तोच शशिधरवर धावला.

"तुला गाडी कळत न्हाय तर सांग की! कशाला गल्लीत पाटी लावून बसलायस?"

"तू गाडी ठेवतोस का कधी? जाताजाता देवळाला हात जोडतात तसा येतोस आणि पळतोस!"

"दूध वाट बघतंय व्हय रं तुझी?"

"मग आज काय नासायचं ऱ्हायलंय? दे किल्ली!"

कृष्णातनं किल्ली फरशीवर आपटली. शशिधरनं ती उचलून खिशात घातली आणि इंजन थंड व्हायची वाट बघत पायरीवर बसला. दोघं एकमेकांकडं पाठ करून. मी मधे खुर्चीत, दोन्हीकडचा राग खात.

दुपार झाली. कृष्णातला काही सुचेना, त्यानं आईला बोलावून घेतलं. बनाबाई एसटीनं आल्या, डब्यात भाकरी घेऊन. तोवर शशिधरनं बॅटरी सोडून मीटर लावलेला. सेन्सरपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर तो बोटानं हलवत चाललेला. आकडा जागेवर, जागेवर, आणि एका प्लगापाशी वायर हलली तसा आकडा पार उडाला.

"सापडला!" तो म्हणाला, पण आवाजात आनंद नव्हता. प्लग उघडला तर आतल्या पितळी काड्या हिरव्या पडून कुजलेल्या. रबराच्या कडेला लाल लाल काहीतरी, आणि एक पांढरा तुकडा. त्यानं वास घेतला. मग माझ्यापुढं धरलं. मीही घेतला.

"खोबरं हाय की रं हे," मी म्हटलं.

"आणि हे कुंकू." तो कृष्णातकडं वळला. "इंजनात नारळ कोण फोडतंय?"

कृष्णात आईकडं बघायला लागला. बनाबाई ताठ्यानं म्हणाल्या, "मी. दर आवसंला. त्यात काय चोरी हाय?"

"चाकापुढं फोडत्यात मावशी."

"चाकाला तोंड असतंय व्हय? तोंड वर हाय, ते उघडून पाजायचं. आमच्या दावणीला बैल हुते, तवा बेंदराच्या सणाला आम्ही तोंडात नळी घालून पाजायचो, शेपटीवर न्हाय वतायचो! गाडी बंद पडाय लागल्यापास्नं तर म्या दोन-दोन नारळ पाजतीया."

शशिधरनं कपाळाला हात लावला. तेलाचा हात, कपाळ काळं झालं. नारळाचं गोड पाणी वायरीवरनं ओघळून प्लगात मुरत होतं आणि पितळ खात होतं. जितकी गाडी बंद पडेल तितका नारळ, आणि जितका नारळ तितकी गाडी बंद.

"म्हंजे माझ्याच हातानं..." बनाबाई खाली बसल्या. मी त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, "बनाबाई, बैलाला पचतंय, हिला न्हाय पचत. चाकापुढं वाढवा, तिथनं पोचतंय देवाला." त्यांनी भाकरीचा डबा माझ्याकडं सरकवला.

शशिधरनं कुजका प्लग कापून नवा बसवला, भोकं पडलेल्या वायरी बदलल्या, मीटर लावून पुन्हा पुन्हा हलवून बघितलं. मग कृष्णातला शेजारी बसवून गाडी पुलावर नेऊन आणली, भरधाव आणि हळू, दोन्ही. बंद पडली नाही. तिथनंच दोघं कोडोलीला चेअरमनकडं गेले. पुढचं मला शशिधरनं सांगितलं, तेही जेवताना, ताटाकडं बघत.

धैर्यशीलराव म्हणाले होते, "फेरी दुपारीच दुसऱ्याला दिली. गाडी आता नीट झाली म्हणतोस, मग हे आधी का न्हाय झालं?"

शशिधर तोंड उघडणार, तोच कृष्णात म्हणाला, "ह्यो सांगत हुता. म्याच गाडी ठेवत नव्हतो."

सकाळची फेरी गेली ती गेलीच. संध्याकाळची तेवढी त्याच्याकडं ठेवली.

"संध्याकाळचं हाय की," मी म्हटलं.

"संध्याकाळचं दूध निम्मं असतंय आज्जी." त्यानं भात तसाच सोडला. "एक दिवस. एकच दिवस द्यायचा हुता त्यानं मला. मीच किल्ली हिसकावून घ्यायला पायजे हुती पहिल्यांदा."

"आणि त्यानं तुझं डोकं फोडलं असतं."

"फोडू दे की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध पोचवायच्या वेळेला, कृष्णात रिकामी गाडी घेऊन आमच्या दारात आला. न मागता किल्ली काढून शशिधरच्या हातात दिली.

"सकाळचा मोकळाच हाय आता," तो म्हणाला. "ती झिजलेली ब्रेकची वायर काल पुलावर म्हणत हुतास न्हवं? बघ निवांत. दिवसभर ठेव."

शशिधरनं किल्ली घेतली. अंगठी काढून डब्यात टाकली. लिंग फडक्यात गुंडाळून पाठीला सरकवलं. आणि इंजन केव्हाच थंड झालं तरी बोनेट न उघडता तो कितीतरी वेळ गाडीपुढं उभाच राहिला.