भावाच्या दारातलं कोरडं रडणं

मी चौथीपतुर शिकलो, पण डॉक्टरनं सांगितलेलं मला अजून पाठ हाय. आमच्या मालकिणीच्या, म्हंजी बायकोच्या, डोळ्यांत सदा वाळू खुपल्यागत व्हायचं. डॉक्टर म्हणाले, "अश्रूच्या ग्रंथीला रडायचा निरोप जातो. मग तिथल्या पेशींच्या आत कॅल्शियम वाढतं, तेव्हा पाणी सुटतं. यांच्या पेशींत ते नीट वाढतच नाही."

"मग कॅल्शियमच्या गोळ्या द्या की."

"गोळ्यांनी नाही व्हायचं, बाबा. अंगात कॅल्शियम आहे, पेशीत ते हलत नाही."

डोळ्यात टाकायला थेंब दिले.

त्याच साली दुष्काळ पडला, अन् देवगाव रंगारीला, तिच्या माहेरी, तिचा थोरला भाऊ गेला. शहरातल्या आमच्या पुंडलिकनगरातून निघताना मी म्हणलं, थेंब टाकून घे. दारात बायका गळ्यात पडतेत, गालाला गाल लागतो. कोरडा लागला तर बोलतील.

"बाटलीतलं पाणी भावाच्या नावानं सांडू व्हय? तसलं सोंग मला नाय जमत."

हट्टात ती माझ्यापेक्षा कमी नव्हती.

भावजयीनं उंबऱ्यातच मिठी मारून हंबरडा फोडला. मालकीणबी रडली, ऊर बडवला, आवाज बसला. डोळे लालभडक, गाल मात्र कोरडे. भावजय रिवाजानं पदर घेऊन तिचं तोंड पुसायला गेली अन् थांबली.

"वन्सं, आमच्या विहिरी आटल्या. शहरात तुमचे डोळेबी आटले व्हय? भावासाठी येवढंबी पाणी नाय?"

मी गप बसणारातला नाय. म्हणलं, "तिला आजार हाय. आमच्याकडं पाण्याची पाळी असती, पाणी सोडणाऱ्या लाइनमनला फोन जातो, पण कधी कधी पाइपाचा वॉल उघडतच नाय. तसं तिच्या डोळ्यांचं झालंय."

"दाजी, मयताच्या घरी तुमच्या नळाचं गाऱ्हाणं कशाला?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मालकिणीनं माझ्याकडं बघितलं नाय. परतताना एसटीत ती डोळे मिटून बसली. उघडले की आग व्हायची.

नागपंचमीला दरसाली तिला न्यायला भाऊ यायचा. त्या साली भाचा येईल म्हणून तिनं बांगड्या भरल्या, दार उघडं ठेवून बसली. समोर नवं बांधकाम, सिमेंटची धूळ थेट घरात. दार लावू दिलं नाय. दिवस मावळला.

मी म्हणलं, "उद्या मी सोडतो."

"अवो, माहेराला आपण होऊन जातेत व्हय? न्यायला यावं लागतं."

पुढच्या सालीबी कुणी आलं नाय. त्याच्या पुढच्या साली तिनं बांगड्या भरल्या नाय.